गाडी कोठे आहे, आणि का थांबली आहे?

वाट पाहणे हा आपल्या खेड्यापाड्यांतला फार जुना उद्योग आहे. फाट्यावर उभे राहून एस.टी.ची वाट पाहावयाची, डेअरीच्या दारात टँकरची पाहावयाची, कांदा घेऊन बाजाराला गेलेल्या मालमोटारीची तर रात्र रात्र पाहावयाची. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हापासून फाट्याफाट्यावर एकच प्रश्न विचारला जात आला आहे, "गाडी कुठवर आली असेल हो?" आणि उत्तरही ठरलेलेच, "येईल आता, निघाली असेल." विचारणाऱ्याला ठाऊक नसे, आणि सांगणाऱ्यालाही नसे.

या प्रश्नाचे उत्तर देणारे यंत्र आता गाडीतच येऊन बसले आहे. साबणाच्या डबीएवढी एक पेटी. तिच्यात लहानसा संगणक असतो आणि बिनतारी संदेश घेण्याची व पाठविण्याची सोय असते. गाडी कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, केव्हापासून उभी आहे, हे ती पेटी मैलोगणती दूर बसलेल्या मालकाला घटकेघटकेला कळवीत राहते. ज्यांच्याकडे गाड्यांचा मोठा ताफा आहे त्यांचा सगळा कारभार आज या पेटीवर चालतो. आणि ज्याच्याकडे एकच मालमोटार आहे, असा आपल्या गावचा मालकही ओट्यावर बसून मोबाइलच्या काचेवर आपल्या गाडीचा बाण सरकताना पाहतो.

ही पेटी चालते कशी, ती आली कोठून, आणि तिच्यामुळे माणसामाणसांच्या व्यवहारात काय फरक पडला, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच सांगून ठेवतो. "गाडी कोठे आहे?" या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, "ती का थांबली आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देते. दुसऱ्याचे उत्तर द्यावयाला माणूसच लागतो. हा भेद ज्याच्या ध्यानात राहिला त्याला ही पेटी उपकारक ठरते. ज्याच्या ध्यानात राहिला नाही, त्याच्या हाती ती चाबूक होऊन बसते.

आता या पेटीचा जन्म कसा झाला ते पाहू. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल. तो देश अफाट. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर माल न्यावयाचा म्हणजे चार-पाच दिवसांची वाट. चालक एकदा निघाला की कचेरीचा आणि त्याचा संबंध तुटला. तो वाटेत कोठेतरी थांबून सार्वजनिक टेलिफोनवरून कचेरीला कळवी की मी अमुक गावी आहे. त्या फोनसाठी रांग असे. रांगेत तास अर्धा तास मोडे. इकडे कचेरीत नवा माल आलेला असे, तो उचलण्याजोगी रिकामी गाडी जवळच कोठेतरी असे, पण ती नेमकी कोठे आहे हे कोणाला ठाऊक नसे. रिकाम्या गाड्या शेकडो मैल रिकाम्याच परत येत.

१९८५ साली सॅन डिएगो या शहरात अर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि त्यांचे काही सहकारी अशा सात जणांनी क्वालकॉम नावाची कंपनी काढली. जेकब्स आणि व्हिटर्बी हे दोघेही प्राध्यापकी केलेले, दळणवळणशास्त्रात मुरलेले. या कंपनीने १९८८ साली 'ऑम्निट्रॅक्स' नावाची योजना बाजारात आणली. मालमोटारीच्या टपावर घुमटासारखी एक अँटेना, आणि चालकाजवळ अक्षरांच्या कळा असलेली, छोट्या काचेची एक पाटी. चालकाने मजकूर टाइप केला की तो वर उपग्रहाकडे जाई, तेथून सॅन डिएगोच्या केंद्रात उतरे आणि तेथून टेलिफोनच्या तारेने मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत पोहोचे. उलट निरोपही त्याच वाटेने येई. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे गावची श्नायडर नॅशनल ही वाहतूक कंपनी या योजनेची पहिली मोठी गिऱ्हाईक ठरली.

तो उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. बिनतारी लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. तेव्हा वर जाऊन खाली यावयाला तिला जेमतेम पाव सेकंद लागतो. ज्या निरोपासाठी टेलिफोनच्या रांगेत तास मोडत होता, त्याच्या प्रवासाला आता पाव सेकंद! चालकांनाही ही सोय आवडली. अमुक ठिकाणी अमुक माल उचल, पत्ता असा आहे, एवढे सगळे काचेवर लिहून येऊ लागले. पेटीच्या आरंभीच्या काळात ती चालकाची अडचण दूर करणारी होती, ही गोष्ट विसरू नये. तिचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी ती चालते कशी ते समजावून घेऊ. शिक्षक-बंधुभगिनींना वर्गात सांगण्याजोगे यात पुष्कळ आहे.

आजच्या पेटीची कामे तीन. पहिले, आपण कोठे आहोत हे ओळखणे. दुसरे, गाडीच्या अंगात काय चालले आहे ते जाणणे. तिसरे, हे सगळे कचेरीला कळविणे.

पहिले काम जीपीएस या व्यवस्थेच्या आधाराने होते. लोकांचा असा समज असतो की आकाशातला उपग्रह डोळे वटारून आपल्या गाडीकडे पाहत असतो. तसे मुळीच नाही बरं का. जीपीएसच्या उपग्रहाला आपली गाडी दिसतही नाही आणि तो तिची दखलही घेत नाही. तो फक्त देवळातल्या घंटेसारखा आपला नाद करीत असतो, "मी अमुक, मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात या क्षणी इतके वाजले आहेत." गाडीतली पेटी तो नाद ऐकते, आणि निघाल्यापासून पोहोचेपर्यंत त्याला किती वेळ लागला यावरून उपग्रहाचे अंतर काढते.

हे तर आपण पावसाळ्यात करतोच. वीज चमकली की अंक मोजू लागतो आणि गडगडाट ऐकू येईपर्यंत किती सेकंद गेले ते पाहतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीन सेकंद गेले तर वीज किलोमीटरभर दूर पडली. पेटीचे गणित हेच, फक्त ती लहर आवाजापेक्षा कितीतरी लाख पट वेगवान. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर अंतर तीनशे मीटरांनी चुकते.

पण नुसत्या अंतरावरून जागा कशी कळते? त्यासाठी मुलांना शाळेच्या मैदानावर न्या. तीन खुंट्या ठोका. पहिल्या खुंटीला वीस फुटांची दोरी बांधा आणि तिचे टोक एका मुलाच्या हाती द्या. तो त्या खुंटीभोवतीच्या वर्तुळावर कोठेही उभा राहू शकेल. आता दुसऱ्या खुंटीची दोरीही त्याच्याच हाती द्या. दोन्ही दोऱ्या ताठ राहावयाच्या तर त्याला उभे राहावयाला दोनच जागा उरतात. तिसरी दोरी दिली की एकच जागा उरते. मैदान सपाट आहे, आकाश तसे नाही. तेथे वर्तुळाच्या जागी गोल येतात, तरी युक्ती हीच. मग जीपीएसला चार उपग्रह का लागतात? तर पेटीतले घड्याळ स्वस्तातले असते. ते किती मागे-पुढे आहे, हे चौथे अज्ञात. चार अज्ञातांना चार समीकरणे हवीत, हे बीजगणित शिकविणाऱ्या गुरुजींना सांगावयास नकोच.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती दिवसातून दोन फेऱ्या घालतात. त्यांच्या अंगावरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ३८ पटींइतकी पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे ती जावयासच हवीत. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ठावठिकाणा दहा किलोमीटरांनी चुकू लागेल. शंभर वर्षांपूर्वीचे कागदावरचे गणित आज उसाच्या मालमोटारीला रस्ता दाखविते, हे मुलांना अवश्य सांगावे.

ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्करासाठी उभारली गेली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली वर गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएट हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही व्यवस्था साऱ्या जगाच्या नागरी उपयोगासाठी खुली राहील असे जाहीर केले. १९९५ साली ती पूर्ण झाली. तरी नागरिकांना मिळणारा संकेत मुद्दाम धूसर ठेवलेला असे आणि त्यात शंभरेक मीटरांची चूक राही. २ मे २००० पासून ते बंद झाले. गाडी या रस्त्यावर आहे की शेजारच्या, हे सामान्य माणसाला कळू लागले ते त्या दिवसापासून. पुढे आपल्या देशानेही स्वतःची अशी व्यवस्था उभारावयास घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला आणि तिला पुढे 'नाविक' हे नाव मिळाले.

आता दुसरे काम, गाडीच्या अंगाची खबर घेण्याचे. पूर्वी गाडीत प्रत्येक गोष्टीला वेगळी तार असे आणि तारांचे जंजाळ होई. १९८६ साली जर्मनीतील बॉश कंपनीने एक नवी रीत मांडली. पिळलेल्या दोन तारा सगळ्या गाडीतून न्यावयाच्या आणि इंजिन, ब्रेक, गतिमापक या सगळ्यांनी आपापले बोलणे पाळीपाळीने त्याच तारांवर बोलावयाचे. ग्रामसभेत एकावेळी एकानेच बोलावयाचे आणि महत्त्वाच्या माणसाला आधी बोलू द्यावयाचे, तसे. आपली पेटी या तारांना कान लावून बसते. इंजिन किती तापले, डिझेल किती जळते, गाडी उभी असून इंजिन किती वेळ चालू होते, ब्रेक किती जोराने दाबला, हे तिला कळत राहते.

तिसरे काम कळविण्याचे. आपल्याकडच्या बहुतेक पेट्यांत मोबाइलमध्ये असते तसेच सिमकार्ड असते. जेथे मोबाइलचे क्षेत्र नाही तेथे चांगली पेटी नोंदी साठवून ठेवते आणि क्षेत्रात आल्यावर एकदम पाठविते. म्हणून घाटात बाण जागचा हलेना, किंवा गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरल्यावर तो अडखळला, तर लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. बोगद्यात उपग्रहाचा नाद पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या तीन कामांचे फायदे उघड आहेत. उभ्या गाडीचे इंजिन उगाच चालू राहिले तर डिझेल जळते, ते कळते. इंजिन बिघडण्याआधी त्याची लक्षणे दिसतात. गाडी चोरीस गेली तर शोध लागतो. कोणती गाडी जवळ आहे हे पाहून तीच धाडता येते. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. अशा सेवेत बाळंतिणीसाठी कोणती गाडी निघावी हे ठरविताना या माहितीचे मोल पैशात करता येणार नाही.

मग चाबकाची गोष्ट कोठून आली? ती समजावून घ्यावयाची तर पुन्हा अमेरिकेतच जावे लागेल, कारण या पेटीवरून चालक आणि सरकार यांच्यात जो खल झाला तो तेथे कोर्टापर्यंत पोहोचला.

दमलेल्या चालकाच्या हातून अपघात होतात, म्हणून त्या देशात १९३० च्या दशकापासून चालकांच्या तासांवर मर्यादा आहे. आजचा नियम ढोबळमानाने असा आहे. सलग दहा तास विश्रांती झाल्यावर चौदा तासांचा अवधी सुरू होतो. त्यात अकरा तासच गाडी चालवावयाची, आणि आठ तास चालविल्यावर निदान अर्धा तास थांबावयाचे. पूर्वी चालक याची नोंद एका कागदी वहीत हाताने करीत. त्या वहीत काय वाटेल ते भरता येई. चालकच तिला थट्टेने विनोदी चित्रांचे पुस्तक म्हणत. तेव्हा सरकारने विचार केला की पेटी खोटे बोलत नाही, वहीच्या जागी पेटी आणावी.

२०१० साली तसा एक नियम निघाला. चालकांच्या संघटनेने त्याला कोर्टात आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे की, या पेटीचा उपयोग करून कंपन्या आम्हाला छळतील. मी थकून झोपलो आहे हे कचेरीला दिसेल, नियमाने माझे दोन तास शिल्लक आहेत हेही दिसेल, आणि मग निरोप येईल, ऊठ, गाडी काढ. कायद्याने सरकारवर असे बंधन होते की पेटीचा उपयोग चालकाच्या छळासाठी होणार नाही याची तजवीज करावी. ती केलेली नाही, असे म्हणून ऑगस्ट २०११ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला. २०१२ साली तेथील संसदेने नव्याने कायदा केला, आणि १८ डिसेंबर २०१७ पासून पेटी सक्तीची झाली. पण या वेळी नियमात तीन गोष्टी आल्या. पेटीच्या आधारे चालकाला छळण्यास मनाई झाली. चालकाची नोंद कंपनीला सुधारावयाची असेल तर चालकाची संमती लागते आणि मूळ नोंद पुसली जात नाही. आणि चालक गाडीतल्या बिछान्यावर झोपला असता पेटीचा आवाज बंद करता आला पाहिजे.

श्रोतेहो, ही तिसरी अट मला फार बोलकी वाटते. झोपलेल्या माणसाजवळ यंत्राने गप्प बसावे, हे कायद्यात लिहावे लागले. ते आपोआप झाले नाही. कोणीतरी भांडले म्हणून झाले.

एवढे करून अपघात कमी झाले का? याचा शोध घेणारा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की तासांचा नियम पूर्वीपेक्षा पुष्कळच पाळला जाऊ लागला, पण अपघात मात्र त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. उलट लहान कंपन्यांचे चालक अधिक वेगाने आणि बेदरकारपणे गाडी हाकू लागल्याचे दिसले. असे का व्हावे? कारण सोपे आहे. तेथील बहुतेक चालकांना मजुरी मैलावर मिळते. माल भरण्याच्या ठिकाणी गोदामवाल्याने चार तास ताटकळत ठेवले तर ते चार तास चौदातून वजा होतात आणि त्यांची भरपाई क्वचितच मिळते. पूर्वी चालक वहीत खोटे लिहून ते तास भरून काढी. आता खोटे लिहिता येत नाही, तेव्हा तो वेगाने ते भरून काढू पाहतो. पेटीने चार तासांचा थांबा नोंदविला, पण तो कोणामुळे झाला हे तिला कोणी विचारले नाही. कॅरन लेव्ही या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०२२ साली चालकांवरील या पाळतीविषयी एक पुस्तक लिहिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ हाच की, थकव्याचे मूळ मजुरीच्या रीतीत आहे. ती रीत तशीच ठेवून चालकावर नुसती नजर ठेवल्याने तो थकवा जाणार नाही.

आता आपल्याकडे वळू. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला त्याने सारा देश हादरला. त्यानंतर प्रवासी वाहनांत अशी पेटी आणि संकटाच्या वेळी दाबावयाचे लाल बटण असावे, असा विचार पुढे आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत तशी भर घातली आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ती लागू झाली. रिक्षांना त्यातून वगळले. पेटी कशी असावी याचे एआयएस-१४० नावाचे मानकही ठरले. एस.टी. महामंडळानेही आपल्या गाड्यांवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रे बसविण्याचे काम हाती घेतले. म्हणजे आपल्याकडे ही पेटी कायद्याच्या वाटेने आली ती प्रवाशाच्या रक्षणासाठी. उद्देश उत्तम आहे. पण बटण दाबल्यावर जो संदेश जातो तो वाचावयास दुसऱ्या टोकाला कोणी जागे आहे का, आणि तो वाचून धावणारे कोणी आहे का, यावर त्या बटणाची किंमत ठरते.

चालकाच्या विश्रांतीचा विचार आपल्या देशानेही फार पूर्वी केला होता. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा त्याने घातली. पण ती मर्यादा कागदावर राहिली, हे रस्त्यावरच्या कोणत्याही ढाब्यावर तासभर बसले तरी कळते. आता तास मोजणारी पेटी घरात आली आहे. मग ती फक्त गाडी किती वेळ उभी राहिली तेच मोजणार, की माणूस किती वेळ जागा राहिला तेही मोजणार? यंत्र तेच, नोंद तीच. कोणता प्रश्न विचारावयाचा हे आपल्या हाती आहे.

ही गोष्ट दूरच्या मोठ्या कंपन्यांची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. आपल्या गावात मालमोटारीचा मालक आहे, दूध संघ आहे, ऊसतोडीच्या हंगामात रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्या आहेत, शाळेची बस आहे. या सगळ्यांनी ध्यानात ठेवावे असे तीन मुद्दे सांगतो.

पहिला. मालकाने मोबाइलवर बाण चालताना पाहिला की चालकाला फोन करू नये. बाण चालतो आहे याचा अर्थ चालकाचे हात चाकावर आहेत. पूर्वी गाडी कुठे आहे ते कळत नव्हते म्हणून फोन करावा लागे. आता ते दिसते आहे, मग घाटाच्या वळणावर त्याला "कुठवर आलास रे?" असे विचारण्यात काय अर्थ? बाण थांबला की बोलावे. आणि बोलताना पहिला प्रश्न "का थांबलास?" असा दरडावून न विचारता "बाबा, काही अडचण आहे का?" असा विचारावा. टायर बसला असेल, पोटात दुखत असेल, कारखान्याच्या दारात रांग लागली असेल, किंवा डोळ्यांवर झोप आली म्हणून शहाण्या माणसाने गाडी बाजूला घेतली असेल. त्या शहाणपणाबद्दल त्याला बोलणी बसली, तर पुढच्या वेळी तो थांबणार नाही.

दुसरा. पेटीतली नोंद मालकाला दिसते तशी चालकालाही दिसली पाहिजे. दंड कापावयाचा तर नोंद दाखवून कापावा, आणि ताटकळण्याचा मोबदला मागावयाचा तर चालकाला तीच नोंद पुराव्याला वापरता यावी. माल उतरवून घेणाऱ्याने सहा तास खोळंबा केला असेल तर पेटी ते सांगू शकते. आजवर गरीब चालकाच्या शब्दाला पुरावा नव्हता. तो आता आहे. तो त्याच्या हाती पडला पाहिजे.

तिसरा मुद्दा शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी. शाळेच्या बसमध्ये पेटी बसविली म्हणून आपली जबाबदारी सरली असे समजू नये. ही माहिती कोण पाहतो, किती दिवस साठवितो, कोणाला देतो, हे शाळेने लेखी सांगावे आणि पालकांनी बिचकू नये, विचारावे. लेकरू रोज किती वाजता कोणत्या फाट्यावर उतरते ही माहिती आईच्या उपयोगाची तशीच ती वाईट माणसाच्याही उपयोगाची असते.

नवे यंत्र आले की आपल्याकडे दोन तऱ्हा होतात. काही जण त्याला देव मानतात, काही जण त्याला भूत मानतात. दोघेही ते उघडून पाहत नाहीत. या पेटीत देव नाही आणि भूतही नाही. तिच्यात एक घड्याळ आहे, थोडे बीजगणित आहे आणि बोलण्याची सोय आहे. ज्या मुलाने मैदानावर तीन दोऱ्या धरून आपली जागा शोधली, तो उद्या मोठा होऊन चालक होईल, मालक होईल किंवा महामंडळात साहेब होईल. पेटी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे त्याला तेव्हा ठाऊक असेल. रात्री दोन वाजता काचेवरचा एक बाण कुठल्याशा माळावर थांबलेला दिसला, तर ही गाडी नसून कोणाचातरी मुलगा, कोणाचातरी बाप तेथे थांबला आहे, हे त्याला आठवावे आणि त्याने त्याला थोडे झोपू द्यावे. माल तासभर उशिरा पोहोचेल. आणि फाट्यावर वाट पाहणाऱ्यांना आज हे सांगता येईल की गाडी अमुक गावी थांबली आहे, सुखरूप आहे, सकाळी येईल.